ओठ उचलायचा नाही

साल एकोणीसशे चौसष्ट. शहरातल्या ट्रामचे रूळ उखडायला सुरुवात झाली ते वर्ष. रस्त्याच्या मधोमध लांबच लांब खड्डे, आणि कडेकडेनं पाय सांभाळत, एकमेकांच्या अंगावर धडकत चालणारी माणसं. त्या वर्षी थंडी ओसरता ओसरता एका दुपारी मिस्त्रींच्या घरात जे झालं ते सगळं मिळून तासाभराचंही नसेल, पण त्या घरानं ते पुढे जन्मभर पुरवून पुरवून सांगितलं.

मिस्त्री पितळी वाद्यं दुरुस्त करायचे. ट्रम्पेट, कॉर्नेट, बिगुल, मोठमोठे हॉर्न, काय येईल ते. पोचे काढायचे, फुटलेल्या नळीला डाग द्यायचा, अडकलेल्या कळा मोकळ्या करायच्या. खाली कारखाना म्हणायची एक लांबट खोली, वर राहायच्या दोन, आणि मधे लाकडी जिना. कारखान्यात कायम तापल्या कथलाचा आणि पॉलिशचा वास. भिंतीला ओळीनं खुंट्या आणि त्यांना लटकलेली वाद्यं, जणू कसायाच्या दुकानात मांडलेली पितळेची जनावरं.

या धंद्यात एक अडचण असते. वाद्य दुरुस्त झालं की ते फुंकून बघावं लागतं, आणि मिस्त्रींची छाती कथलाच्या धुरानं कधीच कामातून गेलेली. जिना चढले की ते भिंतीला हात लावून उभे राहत. म्हणून फुंकून बघायचं काम त्यांची बायको करायची. प्रत्येक वाद्य ती एकाच तऱ्हेनं तपासायची. तीन सूर, दोन खालचे आणि एक वरचा, वरचा जरा रेंगाळलेला. ते तीन सूर स्वच्छ निघाले की मिस्त्री मान हलवायचे आणि वाद्य खुंटीला जायचं. मग तीही छातीच्या दुखण्यानं गेली. मागे राहिली चार वर्षांची मुलगी. डाग देताना ठिणगी उडते तशी घरभर उडत असायची, म्हणून मिस्त्री तिला ठिणगी म्हणत, आणि मग सगळेच म्हणू लागले.

दोन वर्षं मिस्त्रींनी वाद्यं न फुंकताच परत केली. गिऱ्हाइकं तोंड वाकडं करून पुन्हा यायची. अशात एक बाई आपलं चेपलेलं कॉर्नेट घेऊन आली. गावोगाव फिरणाऱ्या एका खेळाच्या कंपनीत ती बँडमध्ये वाजवत होती. कंपनी बुडाली होती आणि कॉर्नेटवर तंबूचा खांब पडला होता. पोचे निघेपर्यंत ती बाकावर बसून राहिली, आणि बसल्या बसल्या खुंटीवरची सगळी वाद्यं फुंकून बघून कोणतं कुठे गळतंय ते सांगत गेली. त्यानंतर चार महिन्यांत मिस्त्रींनी तिच्याशी लग्न केलं. घरात आणि गल्लीत सगळे तिला 'नवी' म्हणू लागले. ठिणगीसुद्धा. आई म्हणायचं नव्हतं, काकू म्हणावं तर शेजारी एक काकू होतीच, तेव्हा नवी.

नवीला ते टोचत नव्हतं. टोचत होतं ते दुसरंच.

ठिणगीची मावशी, म्हणजे मिस्त्रींच्या पहिल्या बायकोची थोरली बहीण, दूरच्या गावी राहायची. तिचं स्वतःचं इस्त्रीचं दुकान होतं, मूलबाळ नव्हतं, आणि जीभ इस्त्रीइतकीच तापलेली असायची. बहिणीला फुंकून फुंकूनच छातीचं दुखणं लागलं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. डॉक्टरांनी तसं काही नाही म्हणून सांगितलं, पण मावशीनं एकदा मनात धरलेलं डॉक्टरांच्या सांगण्यानं सुटणाऱ्यातलं नव्हतं. बहीण गेली त्या दिवशी तिनं मिस्त्रींकडून शब्द घेतला होता की पोरीच्या तोंडाला पितळ लागणार नाही. आणि मिस्त्रींनी दुसरं लग्न केल्यावर तिनं कळवलं होतं की थंडी संपली की येते, पोर सुखात दिसली तर ठीक, नाहीतर माझ्याबरोबर नेते. मिस्त्रींनी त्यालाही हो म्हटलं होतं. ते असेच होते. पितळ वाकवण्यात पटाईत, आणि माणसांसमोर स्वतःच वाकणारे.

नवीला यातली प्रत्येक गोष्ट माहीत होती. तरीही तिनं ठिणगीला फुंकायला शिकवलं होतं.

त्याचं असं झालं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात नवीनं एक दुरुस्त झालेलं ट्रम्पेट तोंडाला लावून बँडच्या सवयीनं एक फर्मास तान मारली. जिन्यावर बसलेली ठिणगी गंभीरपणे म्हणाली की हे चूक आहे, असं नसतं. मग तिनं ओठ मिटून तीन सूर गुणगुणले, दोन खालचे, एक वरचा, रेंगाळलेला. नवीनं ते तसेच वाजवले. वरच्या खोलीत झोपलेले मिस्त्री उठून अर्धा जिना उतरले, उभे राहिले, आणि परत वर गेले. त्या दिवसापासून घरातली वाद्यं पुन्हा त्याच तीन सुरांनी तपासली जाऊ लागली. महिन्याभरानं ठिणगीनं नवीची बाही ओढून विचारलं की मला येतील का ते सूर. या प्रश्नाला नाही कसं म्हणायचं ते नवीला सुचलं नाही.

मिस्त्री बाजारात गेले की दोघी बाकावर बसायच्या. नवीचा एकच नियम होता, वाद्य तोंडाला असताना बसून राहायचं, उठायचं नाही, चालायचं तर मुळीच नाही. बँडमध्ये असताना तिनं चालताना ठेचकाळलेल्यांचे ओठ आणि दात बघितले होते. पहिले दोन सूर ठिणगीला आले होते. तिसरा कधी निघायचा, कधी नुसतीच हवा.

मावशी यायच्या दिवशी मिस्त्री तिला आणायला स्टेशनवर गेले. नवीनं घर घासूनपुसून लख्ख केलं, ठिणगीला नवा फिका झगा घातला, वेणी घातली, आणि बजावलं की आज कॉर्नेटचं नाव काढायचं नाही. ठिणगीनं मान डोलावली. नवी वर पलंगाच्या चादरी ताणून बसवायला गेली.

खाली दाराशी पावलं वाजली. शेजारी कपडे द्यायला परीट चालला होता, पण ते नंतर कळलं. ठिणगीला वाटलं मावशी आली. पहिल्या बायकोच्या वेळी वाद्यांच्या खुंट्या उंचावर असत. नवीला बसल्या बसल्या हात पुरावा म्हणून मिस्त्रींनी तिच्या कॉर्नेटची खुंटी खाली ठोकून दिली होती. ठिणगीनं कॉर्नेट काढलं, तोंडाला लावलं आणि तिसरा सूर मावशीला ऐकवायला दाराकडे धावली. दारापाशी पायपुसणं होतं.

नवीला वर आधी एक अर्धा सूर ऐकू आला, मग धप्प आवाज, मग पितळ फरशीवर घरंगळल्याचा आवाज. आणि मग काहीच नाही. मुलं पडल्यावर रडायच्या आधी जो श्वास घेतात ना, तेवढा वेळ.

ती जिना कशी उतरली ते तिला पुढे कधी आठवलं नाही. ठिणगी उठून बसली होती, आणि तोंडातून हनुवटीवर, हनुवटीवरून नव्या झग्यावर रक्त. तोंडात रक्त आणि लाळ एकत्र झाली की चमचाभराचं वाटीभर दिसतं, हे नवीला माहीत होतं, तरी त्या घडीला आठवलं नाही. तिनं पोरीला मांडीवर घेतलं आणि पहिली गोष्ट केली ती वरचा ओठ उचलून बघितला. ओठाच्या आतल्या बाजूला, मधोमध, ओठ आणि हिरडी यांना जोडणारा एक बारीकसा पडदा असतो. तो फाटला होता. ती बघतच होती तोवर तिथून रक्ताची धार सुरू झाली. नवीनं ओठ सोडला, रुमाल लावला. जरा थांबलं असं वाटलं. खरंच थांबलं का बघायला तिनं पुन्हा ओठ उचलला, आणि पुन्हा धार.

आवाज ऐकून शेजारच्या काकू आल्या. काकू मनानं सोन्यासारख्या, पण कोणतीही गोष्ट बोट लावून बघितल्याशिवाय त्यांना पटत नसे. दुकानातले टोमॅटोसुद्धा त्या एकेक दाबून बघायच्या. 'बघू बघू' म्हणत त्यांनीही ओठ उचलला. तिसऱ्यांदा रक्त आलं. काकूंनी आडवं निजवून मान मागे टाकायला सांगितली. तसं केल्यावर ठिणगीला सगळं घशात जाऊन ठसका लागला आणि उलटीसारखं झालं. मग काकूंनी जखमेत साखर भरायचा उपाय काढला. तेव्हा मात्र नवीनं पोरीला उचललं आणि म्हणाली, "काकू, तुमचा फोन."

टेलिफोन आणि बर्फाचं कपाट, या दोन्ही गोष्टी गल्लीत फक्त काकूंकडे होत्या. दातांचे डॉक्टर खणलेल्या रस्त्याच्या पलीकडे बसत. दुपारची वेळ होती आणि ते जेवत होते, पण त्यांनी फोन घेतला. सगळं घाईनं न विचारता एकेक विचारलं. बाहेरून ओठाची कातडी फाटली आहे का, आरपार जखम दिसते का? नाही. दात तुटलाय का, आत सरकलाय का? एक हलतोय, पण तो आधीपासूनच हलत होता. नीट आठवून सांगा, आधीपासून? हो, दुधाचा आहे, आठवड्यापासून हलतोय, ती रोज जिभेनं हलवते. तोंड उघडमीट करता येतं? येतं. शुद्ध गेली होती का? नाही.

डॉक्टर म्हणाले की घाबरण्यासारखं काही नाही, पोरांचा हा पडदा फाटतोच. टाकेही लागत नाहीत, आपोआप भरतो. तिला ताठ बसवा, मान जराशी पुढे, रक्त गिळू देऊ नका, थुंकू द्या. गार पाण्यानं एकदा हळूच चूळ भरायला लावा. मग स्वच्छ कापड ओलं करून घडी घाला आणि ओठावरून दातांवर दाबून धरा. दहा मिनिटं, मधे सोडायचं नाही. बर्फ कापडात गुंडाळून बाहेरून लावा. आणि मग ते जे म्हणाले ते नवीनं पुढे कित्येकांना सांगितलं.

"आता महत्त्वाचं ऐका. थांबलं की नाही हे बघायला ओठ उचलायचा नाही. उचललात की पुन्हा फाटणार आणि पुन्हा वाहणार. उद्यापर्यंत कोणीही नाही. तुम्ही नाही, घरचं कोणी नाही. दाबूनही थांबलं नाही तर मात्र ताबडतोब घेऊन या."

नवी परत आली. ठिणगीला कारखान्यातल्या बाकावर बसवलं, पाठीशी स्वतः बसली, चूळ भरून झाली, ओल्या कापडाची घडी ओठावर दाबली. काकूंनी बर्फ आणून दिला. आता दहा मिनिटं. मिस्त्रींचं घड्याळ वरच्या खोलीत होतं आणि नवीला जागचं हलता येत नव्हतं. तिला आठवलं की बँडचा एक मार्च, कवायतीच्या चालीची धून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला की पाच मिनिटं होतात. तिनं ठिणगीच्या कानाशी तोंड नेऊन मार्च गुणगुणायला सुरुवात केली. ढोलाची जागा आली की ती पायानं फरशीवर ठोका द्यायची. ठिणगीच्या हुंदक्यांचा वेग हळूहळू त्या ठोक्यांशी जुळत गेला.

काकू उभ्याच होत्या. फरशीवर कॉर्नेट पडलेलं होतं, त्याच्या कर्ण्याला नवा पोचा. काकूंनी ते बघितलं, नवीकडे बघितलं, आणि पायानं हळूच ढकलून बाकाखाली सारलं. "जिन्यावरून घसरली म्हणून सांगू," त्या पुटपुटल्या. "पोरं घसरतातच." नवी मार्च गुणगुणत होती. तिला थांबून नको म्हणता आलं असतं, पण तिनं म्हटलं नाही.

दुसरा मार्च सुरू झाला होता तेव्हा खरी मावशी आली.

आधी मिस्त्री आत आले, हातात एक पत्र्याची पेटी. ज्या सहजतेनं त्यांनी ती धरली होती त्यावरून नवीला कळलं की पेटी रिकामी आहे. रिकामी पेटी माणूस कशाला आणतो तेही तिला कळलं. मागून मावशी आली, मोठ्या हाडापेराची, दंडापर्यंत बाह्या सारलेली, जणू प्रवासातही इस्त्री चालू होती. तिनं आधी झग्यावरचं रक्त बघितलं. मग ओठावर दाबून धरलेला नवीचा हात.

काकूंनी लगेच जिन्याचं सांगून टाकलं. मावशीनं वळून जिन्याकडे बघितलं, पायऱ्या बघितल्या, कठडा बघितला. चाळीस वर्षं लोकांच्या कपड्यांवरचे डाग बघून बाई हे सांगायची की हा चहाचा आणि हा शाईचा. झग्यावरचं रक्त पुढे होतं. कोपर, गुडघा, पाठ, कुठे धूळ नव्हती. जिन्यावरून पडलेलं पोर इतकं स्वच्छ नसतं.

"हात काढ," ती नवीला म्हणाली. "बघू दे मला."

"एवढा मार्च संपू दे, ताई," नवी म्हणाली.

हे उत्तर ऐकून मावशीचा चेहरा असा झाला की काकू एक पाऊल मागे सरकल्या. पण मिस्त्री मधे पडले, काय म्हणतात ते न कळण्यासारखं काहीतरी म्हणाले, आणि मार्च संपेपर्यंत सगळे उभे राहिले. नवीनं कापड काढलं. कापडावर फक्त गुलाबी ओल होती. ओठ बाहेरून सुजून टम्म झाला होता. तिनं सुटकेचा श्वास टाकला, आणि लगेच सांगितलं की डॉक्टरांनी आज ओठ उचलायला मना केलंय, उद्या बघा, काही मोठं नाही.

मावशी वाकली आणि ठिणगीच्या तोंडाकडे हात नेला. नवीनं तिचं मनगट धरलं.

तोवर त्या घरात कोणी मावशीचा हात धरलेला नव्हता.

मावशी मग फार हळू बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं. बहिणीची पोर आहे, आणि मला तिचा ओठ बघायची मनाई, असं म्हणाली. जिन्यावरून पडल्याची ही जखम नाही हे मला दिसतंय, असं म्हणाली. तोंडावर बसलेली थप्पड आतून ओठ फाडते हेही मला माहीत आहे, माझ्या बापानं मला दाखवलेलं आहे. "ज्याला लपवायचं असतं तोच झाकून धरतो, बाई. एक तर दाखव, नाहीतर संध्याकाळच्या गाडीनं मी हिला नेते. पेटी आणलीच आहे."

मिस्त्री नवीला म्हणाले, "अगं, दाखव की. एकदा बघतील, संपलं."

संपलं नसतं. नवीनं तीनदा उचललेलं बघितलं होतं, तीनदा रक्त बघितलं होतं. तिच्या पुढ्यात ठिणगी दोन्ही हातांनी तिची बाही घट्ट धरून बसली होती, आणि मावशीचा हात जवळ आला की तिची मान आपोआप मागे जात होती. मान मागे जाते म्हणजे ती नवीला घाबरत नाही, मावशीच्या बोटांना घाबरते. पण मावशीला ते उलटंच दिसत होतं. ओठ उचलला तर पोर पुन्हा कळवळणार, आणि नाही उचलला तर पोर जाणार. मधला रस्ता एकच होता आणि तो काकूंनी पायानं बाकाखाली सारला होता.

नवीनं ठिणगीला काकूंकडे दिलं, "बोट लावू नका हं" असं बजावून. मग गुडघ्यावर बसली, बाकाखाली हात घातला आणि कॉर्नेट बाहेर काढलं. काकू हळहळल्यासारख्या 'अगं' म्हणाल्या.

"जिना नाही, ताई," नवी म्हणाली. "हे. तोंडाला लावून धावली आणि पडली. ओठ नका उचलू, बाहेरूनच बघा."

कॉर्नेटची फुंकायची तोंडी, माउथपीस, पितळेच्या छोट्या पेल्यासारखी असते. नवीनं ती नळीतून काढली आणि ठिणगीच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर धरली. सुजलेल्या ओठावर नाकाखालून एक जांभळी कमान उमटली होती, आणि खालच्या ओठाखाली तशीच एक फिकी. दोन्ही मिळून एक गोल. पाच बोटांचा वळ असा उठत नाही.

मावशीनं माउथपीस हातात घेतलं. त्याची कड बोटानं चाचपली. मग जिनं पितळाला दोष देत अडीच-तीन वर्षं काढली होती त्या बाईनं ते स्वतःच्या ओठांवर टेकवलं, कुठे बसतंय ते बघायला, आणि काढलं. ठिणगीकडे बघितलं. मग नवीकडे. नवीच्या वरच्या ओठावर वर्षानुवर्षं फुंकून पडलेली एक पुसट कमान होती. एरवी ती दिसत नसे, पण त्या दिवशी तिचा चेहरा इतका पांढरा पडला होता की ती दिसत होती.

थप्पड गेली, पण तिच्या जागी जे आलं ते मावशीच्या दृष्टीनं थपडेहून लहान नव्हतं. "मिस्त्रींनी मला शब्द दिला होता," ती म्हणाली.

"त्यांनी पाळला. त्यांना ठाऊकही नाही. मोडला तो मी."

मिस्त्री भिंतीला हात लावून उभे होते. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं ते त्यांनी शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

"का?" मावशीनं विचारलं. "तुला खेळायला दुसरं काही मिळालं नाही? माझ्या बहिणीचा जीव गेला ह्यापायी. पोरीचाही घ्यायचा होता?"

नवी उत्तर जुळवत होती. खरं उत्तर लांबलचक होतं आणि ऐकणारीला धीर नव्हता. पेटी दाराशी होती. तेवढ्यात काकूंच्या कडेवरून आवाज आला. ठिणगीला बोलायला मना केलेलं होतं, ओठ हलवायचे नाहीत असं नवीनं सांगितलं होतं, आणि ते तिनं पाळलं. तिनं ओठ मिटूनच गुणगुणलं. दोन खालचे, एक वरचा, रेंगाळलेला.

मावशी जागच्या जागी थांबली. बहिणीकडे मुक्कामाला आली की ती याच खोलीच्या वर निजायची. सकाळी डोळे उघडायच्या आधी खालून हे तीन सूर यायचे. ते आले की बहीण कामाला लागली, आता चहा होईल, हे कळायचं. हे तिनं नंतर सांगितलं. त्या वेळी तिनं एवढंच विचारलं की हे तू तिला शिकवलंस?

"तिनं मला शिकवले," नवी म्हणाली. "मी फक्त फुंकून दाखवले. आईचे सूर मला येतील का, असं विचारलं तिनं. मला नाही म्हणता आलं नाही, ताई. तुम्हाला आलं असतं का?"

मावशी बाकावर बसली. माउथपीस अजून तिच्या मुठीत होतं. काकू म्हणाल्या की बर्फ वितळून माझी बाही भिजली, कोणीतरी पोर घ्या. मावशीनं हात पुढे केले. ठिणगीनं आधी नवीकडे बघितलं, नवीनं मान हलवली, मग ती गेली. मावशीनं बर्फाची पुरचुंडी उचलून नवीला विचारलं की कुठे धरायची, किती वेळ धरायची, आणि नवीनं सांगितलं तशी धरली. तिची बोटं दोन-तीनदा ओठाकडे गेली. उचलून बघायची तिची इच्छा सगळ्यांना दिसत होती. पण बोटं परत फिरली.

संध्याकाळची गाडी गेली. ठिणगीला गार दूध आणि दुधात कुस्करलेला पाव दिला, तोही एका बाजूनं, चमच्यानं. गरम, तिखट, टोकदार काही नाही. खाऊन झाल्यावर हळूच चूळ. पेटी रात्रभर दाराशीच राहिली. नवी उठता बसता तिच्याकडे बघत होती. पेटीबद्दल विचारायचा तिला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ओठ बघितला, जखम धरतेय म्हणाले, दात शाबूत आहेत म्हणाले. मावशीनं त्यांना आपला खरा प्रश्न विचारला की फुंकल्यानं छाती जाते का. डॉक्टर म्हणाले की मी दातांचा माणूस, पण छाती जाते ती धुरानं, सुरानं नाही. मावशी घरी आली, कारखान्याच्या बंद खिडकीकडे बघितलं, कथलाच्या भांड्याकडे बघितलं, आणि मिस्त्रींना म्हणाली की आधी ही खिडकी उघडी राहील असं करा. मग नवीला म्हणाली, "तुझी खुंटी वर ठोकून घे. पक्के दात येईपर्यंत पोरीचा हात पुरता कामा नये. पुढचं पुढे." ती रिकाम्या हातांनी स्टेशनवर गेली. पेटीबद्दल मिस्त्रींनी विचारलं तेव्हा म्हणाली की राहू दे इथेच, उगाच ओझं.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगायचं.

मिस्त्री उघड्या खिडकीशी बसून आणखी अकरा वर्षं पितळ ठोकत राहिले आणि एका सकाळी हातोडी हातात असतानाच गेले. त्या कॉर्नेटचा पोचा त्यांना सहज काढता आला असता, पण घरात कोणी काढू दिला नाही.

काकूंनी गल्लीतल्या प्रत्येक पडलेल्या पोराच्या घरी जाऊन 'ओठ उचलायचा नाही' हे सांगायचं काम आयुष्यभर केलं, आणि सांगता सांगता उचलूनही बघितला.

मावशी दरवर्षी थंडी संपली की यायची. म्हातारपणी इस्त्रीचं दुकान बंद करून ती कायमची इथेच आली. नव्या कवळीनं तिची हिरडी सोलून निघाली तेव्हा नवी तिला मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा भरायला लावायची, रात्री कवळी काढून ठेवायला लावायची, आणि मावशी 'बघ ना आत, बघ ना' म्हणून तोंड उघडून बसायची. तिचे शेवटचे दिवस त्याच वरच्या खोलीत गेले.

पत्र्याच्या पेटीत जुनी माउथपीसं भरून ठेवलेली आहेत.

पक्के दात आल्यावर ठिणगीला तिसरा सूर स्वच्छ काढता येऊ लागला. पण ती वादक झाली नाही. घड्याळांच्या कारखान्यात लागली, तिथेच मोठ्या हुद्द्यावर गेली. बंद पडलेलं काहीही तिच्या हातून चालू झालं, की ती ओठ मिटून तीन सूर गुणगुणते, आणि तिथल्या कोणाला त्याचं कारण ठाऊक नाही. तिच्या वरच्या ओठाच्या आत एक बारीकशी गाठ अजून आहे. ती कोणाला बघू देत नाही.

आणि नवी. तिचे केस पांढरे झाले, दात गेले, कॉर्नेट भिंतीवर गेलं. ऐंशी ओलांडली तरी गल्लीतली पोरं तिला नवीच म्हणायची, आणि कोणी पडून तोंड फोडून घेतलं की रडत तिच्याच दाराशी यायची. ती ओल्या कापडाची घडी दाबून धरायची, कानाशी तोंड न्यायची आणि मार्च सुरू करायची. दोन मार्च पूर्ण झाल्याशिवाय तिनं कधीच कापड काढलं नाही.